पोरका शुक्रवार

७ ऑगस्ट, सोमवार

नवी वही, नवं पेन, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी नवं ओळखपत्र. त्यावरच्या फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. विद्यापीठाच्या दारावरच्या रखवालदाराने आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, आणि विचारलं, "मुलीला सोडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही हो, मीच मुलगी." तो हसला नाही. सकाळपासून तो तेच ऐकत असावा.

आमच्या विभागाचं नाव विश्वसाहित्य आणि संस्कृती. मामाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे नेमकं करायचं काय?" मी म्हटलं, जगभरच्या गोष्टी वाचायच्या. "त्याला कॉलेज कशाला लागतं? घरी पडून वाच की." मामाचं चुकत नाही. पण विम्याच्या ऑफिसात इतकी वर्षं लोकांच्या अपघातांचे दावे वाचल्यावर आता जरा चांगले लिहिलेले अपघात वाचावेत असं मला वाटलं, हे त्याला कसं समजावणार? आई मात्र खूश आहे. माझी ऑफिसची जुनी पिशवी तिने धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. पिशवीला इस्त्री करणारी बाई जगाच्या पाठीवर दुसरी नसेल.

वर्गातली पोरं बाविशी-तेविशीची. पहिल्याच तासाला त्यांनी मला 'ताई' करून टाकलं. माझ्या बाकावर मात्र एक जण माझ्या बरोबरीची निघाली. शाळेत शिकवते, वर्षभराची रजा काढून आली आहे. म्हणाली, "चला, आपण दोघी म्हाताऱ्या एका बाकावर." मी तिचं नाव शेजारीण ठेवलं. तिलाही ते आवडलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

विभागाची एक पद्धत आहे, ती आज पाहिली. दर शुक्रवारी कुणाचा तरी निबंध मोठ्याने वाचतात. त्यावर नाव नसतं. ज्याने लिहिला त्याने वाचायचा नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात, ज्याची निघेल त्याने वाचायचा. लिहिणारा वर्गातच कुठेतरी बसलेला असतो आणि त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. मग बाकीचे निबंधाची चिरफाड करतात. मुलं याला पोरका शुक्रवार म्हणतात. मॅडम म्हणतात, लिहून संपलं की लेखनाला आईबाप उरत नाहीत, ते आपल्या पायांवर उभं राहतं का तेवढं बघायचं.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. करड्या केसांचा बॉबकट, हळू आवाज. त्यांनी एका थंड देशातल्या कादंबरीतली दोन पानं वाचून दाखवली, तर खिडकीजवळ बसलेल्या मुलीने खरंच स्वेटर चढवला. मी ठरवून टाकलं, या बाई सांगतील ते करायचं.

या सत्राचा विषय आहे 'घरातलं परकं'. प्रत्येकाने एक निबंध लिहायचा, वाचलेल्या पुस्तकावर किंवा स्वतःच्या घरावर. सगळ्यांत चांगला निबंध डिसेंबरात विभागाच्या वार्षिक अंकात येतो. मी अर्थात पुस्तकावर लिहिणार. आमच्या घरातलं परकं चव्हाट्यावर मांडायला मला वेड लागलेलं नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

बाबांचं डोकं गेल्या वर्षापासून मागे मागे चाललंय. आधी कालचं गेलं, मग नोकरीतलं गेलं, आता बहुधा माझा जन्मही गेला. आज दुपारी मी त्यांना दूध-पाव भरवत होते. माझ्याकडे बघून ते एकदम लाजल्यासारखं हसले आणि म्हणाले, "भिंगरे, आज तळ्यावर कुणी नाही. उतरू या?"

गेला महिनाभर मी भिंगरी आहे. ही भिंगरी कोण, ते त्यांनी सांगितलेलं नाही. पण आज घास तोंडात ठेवून म्हणाले, "तेव्हा तू हो म्हणाली असतीस तर सगळं वेगळं झालं असतं." त्यानंतर कोण ते विचारायची गरज उरली नाही.

आई शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. दार उघडंच होतं. मी घाईने जाऊन सांगितलं, "आत्याला हाक मारतायत गं. लहानपणी आत्याला भिंगरी म्हणायचे ना?" आत्या जाऊन वर्षं झाली, ती काही नाही म्हणायला येणार नव्हती.

"असेल," आई म्हणाली. तिने मघाचीच कॉलर परत इस्त्रीखाली घेतली. मग म्हणाली, "त्यांच्या बहिणीला पाण्याची भीती होती पण. बादलीतसुद्धा वाकून बघायची नाही."

"लहानपणी नसेल."

"असेल," ती पुन्हा म्हणाली.

आई भोळी आहे. जन्मभर या माणसाच्या कॉलरी कडक करण्यात तिचे हात गेले, आणि आता शेवटी शेवटी तिच्या कानावर हे पडायचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर पडू देणार नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार

आज कॅन्टीनमध्ये शेजारणीला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं, नाहीतर मी फुटले असते. वाटलं, दोन सहानुभूतीचे शब्द बोलेल आणि स्वतःच्या सासूबद्दल सुरू होईल. बायका तसंच करतात, मीही करते. पण ही ऐकत राहिली. मध्येच विचारायची, "भरवताना चमचा होता की हातानेच?" "आई कुठल्या अंगाला उभी होती?" "असेल म्हणताना तुझ्याकडे बघितलं का तिने?" इतक्या बारकाईने माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही. आमच्या ऑफिसात लोक माझं वाक्य संपायच्या आत सह्या करून मोकळे व्हायचे.

तिचं मूत्राशय मात्र लहान दिसतं. माझी एखादी गोष्ट संपली की "आलेच हं" म्हणून पर्स घेऊन उठते, आणि येते ती चांगली पाच-दहा मिनिटांनी.

तिच्या घरी कोण कोण असतं ते मला अजून माहीत नाही. विचारायचं राहूनच जातं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज बाबांनी पेला फेकला. मला लागला नाही, पण दूध भिंतीवर, पडद्यावर, माझ्या केसांत. ते ओरडत होते, "भिंगरीला बोलवा, ही कोण बाई?" म्हणजे आज मी तीही नव्हते. आईने फडकं आणलं, भिंत पुसली. मी तशीच चिकट केसांनी तासाला गेले.

शेजारणीने मला मागच्या अंगणात नेलं, नळाखाली केस धुवायला लावले, स्वतःचा रुमाल दिला. तिथे माझ्या तोंडून गेलं. म्हटलं, "कधी कधी वाटतं, बाबांनी आता लवकर जावं." आणि मग मी जी रडले ती रडले. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, "असं वाटतंच गं. सगळ्यांना वाटतं." तिच्या जागी दुसरी कुणी असती तर कानांवर हात ठेवले असते. इतकी मोठी गोष्ट पोटात घेणारी मैत्रीण या वयात मिळाली, मला स्वतःचाच हेवा वाटला.

संध्याकाळी व्हरांड्यात मॅडम भेटल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घरी कसं आहे? वडील बरे आहेत ना?" मी त्यांना बाबांच्या आजाराचं कधी बोललेले नाही. माणसं वाचण्यात जन्म गेला की चेहऱ्यावरून कळत असेल. मला भरून आलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज माझा निबंध वाचला गेला, त्या थंड देशातल्या कादंबरीवरचा. चिठ्ठी निघाली ती आम्ही ज्याला वकील म्हणतो त्या पोराची. जाड भिंगांचा चष्मा, आणि कुठल्याही गोष्टीवर "माझा याला आक्षेप आहे" अशी सुरुवात. त्याने नीट वाचला, मान्य आहे. पण वाचून झाल्यावर म्हणाला, "माझा आक्षेप एवढाच आहे की हा निबंध हातमोजे घालून लिहिलाय." सगळे हसले. नियमाप्रमाणे मीही अनोळखी माणसासारखी हसले. गालफडं दुखली.

तास सुटल्यावर मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "निबंधात सगळं आहे, तू कुठेच नाहीस." हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं. पण मी कशाला असायला हवं? मी त्या थंड देशात कधी गेलेले नाही.

शेजारणीला म्हटलं, तुझा कधी? म्हणाली, "अजून हात फिरवतेय. शेवट सापडत नाही."

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं आजच लिहून काढते.

मॅडमनी आज डबा उघडलाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज तू वाच. तुझ्या आवाजाला वजन आहे." मी खूश. पदर सावरावा तसा आवाज सावरला, उभी राहिले, आणि सुरुवात केली. निबंधाचं नाव 'हाक'. पहिलं वाक्य, एका घरात एक म्हातारा रोज आपल्या मुलीला परक्या बाईच्या नावाने हाक मारतो. खरं सांगते, ते वाक्य वाचताना मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, असं आणखीही कुणाच्या घरात होतं तर. या वर्गात कुणीतरी माझ्यासारखं आहे. मी डोळे वर करून चेहरे शोधले.

दुसऱ्या परिच्छेदात तो म्हातारा म्हणाला, "भिंगरे, आज तळ्यावर कुणी नाही."

मी थांबले नाही. का थांबले नाही? थांबले असते तर सगळ्यांना कळलं असतं की ती मुलगी मीच. म्हणून वाचत राहिले. इस्त्री आली, कॉलर आली, बादली आली. आई दोनदा 'असेल' म्हणाली. भिंतीवरचं दूध आलं. प्रत्येक शब्द माझा होता, जागच्या जागी, फक्त माझ्यापेक्षा चांगला मांडलेला. आणि तिसऱ्या पानावर नळाखाली केस धुताना ती मुलगी म्हणाली, बाबांनी आता लवकर जावं. हे मी माझ्या आवाजात, वजन असलेल्या आवाजात, भर वर्गात वाचलं. पुढच्याच शब्दाला आवाज फुटला. पुढच्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली दिली. मी प्याले आणि शेवटपर्यंत वाचलं.

टाळ्या पडल्या. "काय वाचलंत ताई! अंगावर काटा आला."

मग चिरफाड. पाणी देणारी मुलगी म्हणाली, "मला ती मुलगी ढोंगी वाटली. आईशी खोटं बोलते आणि वर स्वतःला त्यागमूर्ती समजते." कुणी म्हणालं, इस्त्रीची जागा फार छान आलीये. वकील उठला. आक्षेप नव्हता, आश्चर्यच. म्हणाला, "मला आई आवडली. आईला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे. नाहीतर ती त्या बहिणीच्या पाण्याच्या भीतीचं कशाला सांगेल? ती मुलीला दार उघडून देतेय आणि मुलगी आत यायला तयार नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय कळतं या पोराला? ज्याने माझ्या आईला कधी पाहिलं नाही, तो चार पानं ऐकून मला माझी आई शिकवणार! आईला यातलं ओ की ठो माहीत नाही. माहीत असतं तर ती अशी शांत राहिली असती?

शेजारीण सगळा वेळ आपली नखं बघत होती. मॅडम एकट्या माझ्याकडे बघत होत्या.

६ नोव्हेंबर, सोमवार

तिला ग्रंथालयाच्या जिन्यात गाठलं. दोन रात्री जे जे घोकलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "तू माझं ऐकत होतीस की उतरवून घेत होतीस?"

"दोन्ही," ती म्हणाली. "दोन्ही एकदमच होतं गं माझ्याकडून. मी काय करू?"

"बाथरूममध्ये जाऊन लिहायचीस?"

तिने पर्स काखेत घट्ट धरली. मग म्हणाली, "तुला ते लिहायचंच नव्हतं ना? तू तर पुस्तकावर लिहिलंस. ते नुसतं वाया गेलं असतं."

वाया! माझा बाप काय उरलेलं अन्न आहे, वाया जायला?

"आणि नाव कुठे आहे त्यात कुणाचं?"

"भिंगरीचं आहे."

"ती काढली तर काही उरतच नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी लोकांना आवडलं गं. शाळेत मी नुसती फळा पुसते."

आणि मी मूर्ख, मी माझा रुमाल काढून तिला दिला. मी तिला एवढंच सांगितलं की अंकात ते येता कामा नये. माझी आई तो अंक वाचणार. मी घरी आणलेला प्रत्येक कागद ती वाचते, औषधांच्या पावत्यासुद्धा. तिला हे असं कळलं तर मी तिला तोंड कसं दाखवू? तिने माझा हात धरून सांगितलं, "काढून घेते. शपथ."

८ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमकडे गेले. वाटलं, त्यांना कळलं तर त्या पेटून उठतील. त्यांनी मला बसवलं, दार लावून घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "मला माहीत आहे."

शेजारणीने त्यांना सप्टेंबरातच कच्चा खर्डा दाखवला होता. कुणाच्या घरचं ते सांगूनच.

"मग मलाच का वाचायला दिलंत?"

"मला बघायचं होतं तू काय करतेस." किती हळू आवाजात म्हणाल्या! "आपण वर्षभर दुसरं काय शिकतो? कुणाची गोष्ट कुणी सांगायची, ज्याची त्याने की ज्याला जमते त्याने. मला वाटलं तू थांबशील. कागद खाली ठेवशील आणि म्हणशील, हे माझं आहे. थांबली असतीस तर मी तो निबंध तिथल्या तिथे बाद केला असता. तू शेवटपर्यंत वाचलंस. मी ते होकार म्हणून घेतलं."

"मी लाजेने मेले होते, मॅडम."

"ते मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. माणसाच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखतात अशी मी ज्यांची ख्याती करून ठेवली होती, त्या.

अंकाचं विचारलं तर म्हणाल्या, लेखिकेने मागे घेतला तर त्या छापणार नाहीत. लेखिका! बाहेर पडताना माझ्या खांद्यावर पुन्हा तो हात पडला. मी खांदा काढून घेतला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारीण म्हणाली, "बोलले मी मॅडमशी. तुझी काळजी मिटली." हे बोलताना ती आपल्या पर्सची चेन लावत होती. मला इतकं हलकं वाटलं की डब्यातलं अर्धं तिला दिलं. बाक बदलायचा विचार होता, तोही सोडून दिला. माणूस चुकतो, चूक निस्तरतो, आणखी काय हवं?

तिने विचारलं, "बाबा कसे आहेत?" आणि मी सांगितलं. सवय, दुसरं काय. हल्ली ते आरशातल्या स्वतःला ओळखत नाहीत. काल आरशातल्या म्हाताऱ्याला म्हणाले, "या, बसा ना, उभे का?" आणि स्वतःची खुर्ची त्याच्यासाठी सरकवली. मग तो बसेना म्हणून स्वतःही उभे राहिले. आईने शेवटी आरशावर टॉवेल टाकला तेव्हा कुठे बसले. ऐकताना शेजारणीचे डोळे भरले. मग ती "आलेच हं" म्हणून उठली. मला वाटलं रडायला गेली.

१५ डिसेंबर, शुक्रवार

अंक आला. पहिल्याच पानावर 'हाक', खाली शेजारणीचं पूर्ण नाव, शाळेच्या पत्त्यासकट.

तिने मागे घेतला नव्हता. तिने तो नव्याने लिहिला. आधी 'एका घरात एक म्हातारा' होता, आता 'माझे वडील' आहेत. माझे! आई तिची, इस्त्री तिची, भिंतीवरचं दूध तिच्या भिंतीवरचं. आरसासुद्धा आहे. टॉवेल आहे. 'या, बसा ना' सापडल्यावर तिला एकदाचा शेवट सापडलेला दिसतो.

बाकावर अंक आपटला. म्हटलं, "हे काय आहे?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना!" तिने खरंच निरागस चेहरा केला. "आता तुझा काही संबंधच उरला नाही. सगळं मी माझ्या अंगावर घेतलं. लोक मला नावं ठेवतील, ठेवू देत."

"तुझे वडील कुठे असतात?"

"ते ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "रोज फिरायला जातात."

मी ओरडले नाही, रुमालही दिला नाही. पोरं येऊन तिचं अभिनंदन करत होती. पाणी देणारी ती मुलगी तिच्या गळ्यात पडली, म्हणाली, "कसं सहन करता तुम्ही?" आणि शेजारीण म्हणाली, "होतं सवयीने." माझ्यासमोर! वकील तेवढा माझ्याकडे वळला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा पुसत बसला. त्या दिवशी माझा आवाज कुठे फुटला ते त्याला बहुतेक आठवलं असावं.

माझी प्रत मी विद्यापीठाच्या दाराशी कचऱ्याच्या पेटीत टाकली. निदान घरी ती जाणार नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

विभाग प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी पोस्टाने एक प्रत पाठवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी घरी आले तर आई टेबलाशी बसलेली, चष्मा लावून. पुढ्यात अंक. "तुझ्या नावाचं पाकीट होतं, मी फोडलं," म्हणाली. "म्हटलं, तुझं काही आलंय का बघू. तुझं नाही काही. हे पहिलं कुणाचं तरी आहे, ते वाचलं."

पिशवी खांद्यावर तशीच.

"चांगलं लिहिलंय," आई म्हणाली. "इस्त्रीचं बरोबर आहे."

"आई, ऐक ना, मी..."

"बस आधी." मी बसले. ती अंकाची पानं सारखी करत राहिली. "भिंगरी कोण ते त्यांनी लग्न ठरतानाच सांगितलं होतं मला. तिनेच शिकवलं त्यांना पोहायला. लग्नाला आली होती, दोन वेळा वाढून घेऊन जेवली. छान होती गं. तू आपली आत्या आत्या करत राहिलीस. मी एक-दोनदा सांगायला गेले, पण म्हटलं, हिला तसंच बरं वाटत असेल तर राहू दे."

मला हसू आलं की रडू ते कळलं नाही. एवढे महिने मी जिच्यापुढे भिंत होऊन उभी होते, ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना होती. आणि त्या चष्मेवाल्या पोराला हे चार पानांत दिसलं होतं.

"मला नाही सांगितलंस," आई म्हणाली. रागाने नाही. "तिला सांगितलंस. मी इथेच होते की."

तिने तिसरं पान काढलं, चष्मा जरा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कुठली ओळ ते मला न वाचता कळलं.

"हे एक सांग. ही मुलगी इथे म्हणते, बाबांनी आता लवकर जावं. हे तू म्हणालीस, की त्या बाईने पदरचं घातलं?"

पहिल्या पानावर शेजारणीचं नाव छापलेलं होतं. सगळं तिने अंगावर घेतलं होतं, तिनेच तर सांगितलं. मला फक्त तिचं नाव घ्यायचं होतं.

"तिने घातलं," मी म्हटलं. "मी असं कशाला म्हणेन?"

आईने बोट काढलं. चष्मा काढून पदराने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू म्हणाली असशील. वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं होतं मला. म्हटलं, चला, मी एकटीच नाही."

तेवढ्यात आतून बाबांनी हाक मारली, "भिंगरे!" मी सवयीने उठले. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तू बस. दमून आलीस."

"आले रे," आत जाता जाता ती म्हणाली. आईने बाबांना अरे-तुरे केलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि दोघांचं बोलणं. तळ्याचंच काहीतरी चाललंय. मी बाहेरच्या खोलीत बसून हे लिहितेय. आत जाऊन तिला खरं सांगायला हवं, आणि माझ्याने उठवत नाही.